ॲक्सोलॉटलला जखम झाली तर

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या भागातली काही हौशी मुलं आता घरच्या काचेच्या टाकीत ॲक्सोलॉटल पाळू लागली आहेत. रुंद तोंड, आखूड चार पाय, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे तीन-तीन तुरे. हा सॅलमँडर, म्हणजे बेडकासारखाच पण शेपटीवाला उभयचर, जन्मभर पाण्यातच राहतो. त्याला चावा बसला, कल्ला तुटला, कातडी खरचटली, तर घरी काय करायचं, एवढ्यापुरतंच आज बोलतो.

काय करायचं नाही ते आधी सांगतो, कारण जखमेपेक्षा उपचारानंच हा जीव जास्त दगावतो. हळद लावू नका. चुना नको, डेटॉल नको, बैलाच्या खांद्याला लावायचं मलम नको, जखमेवर मारायचा जांभळा स्प्रे तर नकोच. याच्या अंगावर खवले नाहीत, केस नाहीत. पाण्यात जे विरघळतं ते कातडीतून थेट आत शिरतं. माशांसाठी मिळणारी तांबं किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधंही याला चालत नाहीत.

आमच्या गावात एका विद्यार्थ्याच्या टाकीत दोन लहान पिल्लं एकत्र होती. लहानपणी यांना समोर हललं ते तोडायची सवय असते. एकानं दुसऱ्याचा पुढचा पंजाच तोडला. मी गेलो तेव्हा आजी हळदीचा डबा घेऊन उभ्या. "लावून देऊ का जी सर? रक्त निंगून राहिलं ना त्याचं!" त्यांचा जीव खरंच कळवळला होता. मी म्हटलं, "आजी, हळद राहू द्या. आपण याला थंड, स्वच्छ पाणी देऊ, पंजा तो स्वतः आणतो."

आणि तो आणतोच. तुटल्यावर काही तासांतच कडेची कातडी सरकून जखमेचं तोंड झाकते. सुरुवातीला टोक पांढुरकं, गुळगुळीत दिसतं आणि घरच्यांना वाटतं, काहीच होत नाही. मग तिथे बारीकसा फुगवटा येतो, तो वाढून चपटा होतो, चपट्या कडेवर खाचा पडतात आणि त्या खाचांमधून बोटं सुटी होतात. पुढच्या पायाला चार, मागच्याला पाच. हाड, स्नायू, नसा सगळं नवं, आणि व्रण नाही. लहान पिल्लात याला साधारण दीड-दोन महिने लागतात, मोठ्यात त्याहून जास्त. शेपूट, कल्ले, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, हृदयाचा काही भागसुद्धा हा जीव पुन्हा घडवतो. म्हणून तर जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याला जपलं आहे. 2018 मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला, तो माणसाच्या दहापट मोठा निघाला.

एवढी ताकद असलेला जीव आपल्याकडे मरतो तो पाण्यापायी आणि उन्हापायी.

त्याचं मूळ घर मेक्सिको शहराजवळचं सोचिमिल्को सरोवर, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच. तिथलं पाणी थंड. त्याला 16 ते 18 अंश सेल्सिअस मानवतं. 24 च्या वर गेलं की त्याचं अंग ताणाखाली येतं, जखम भरायची थांबते आणि बुरशी धरते. आणि आपलं चंद्रपूर-ब्रह्मपुरी मे महिन्यात 45 च्या पुढे! मी स्पष्टच सांगतो, उन्हाळाभर पाणी थंड ठेवायची सोय नसेल तर हा जीव विकत आणू नका. आणला असेल तर टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीजवळ ठेवा. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडा, बाष्पीभवनानं पाणी काही अंश उतरतं. लाइनीचा भरवसा नाही, म्हणून पाणी भरून गोठवलेल्या बंद बाटल्या फ्रिजमध्ये तयार असू द्या आणि आळीपाळीनं टाकीत तरंगवा. बाजारातला बर्फ थेट पाण्यात टाकू नका.

आता पाणी. ग्रामपंचायत विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर टाकते. आपल्यासाठी ते चांगलंच, पण त्यातला क्लोरीन कल्ले जाळतो. पाणी पसरट भांड्यात 24 तास उघडं ठेवा किंवा क्लोरीन काढायचं द्रावण वापरा. बोअरचं जड पाणी याला चालतं, फक्त तेही दिवसभर हवेवर राहू द्या. युरिया पडणाऱ्या शेताला लागून असलेल्या विहिरीचं पाणी मात्र टाळा, त्यात नायट्रेट असू शकतं.

जखमी जनावर वेगळं काढायचं ते जाळीनं नाही. जाळीत कल्ले अडकतात. पाण्याखाली डबा धरा आणि हळूच त्याला डब्यात येऊ द्या. एक स्वच्छ प्लास्टिकचा टब घ्या, साबणाचा अंश नसलेला. अंग पूर्ण बुडेल इतकं पाणी, वर भोकांचं झाकण, जागा अंधारी. रोज पूर्ण पाणी बदला, कारण त्याच्याच विष्ठेतून निघणारा अमोनिया ताज्या जखमेला पोळतो. उद्याचं पाणी आजच दुसऱ्या टबात, त्याच खोलीत भरून ठेवा, म्हणजे तापमानाचा धक्का बसत नाही. देशी बदामाचं गळून पडलेलं, वाळलेलं पान धुऊन टाकलं तर पाणी तपकिरी होतं. ते जखमेला सौम्य असतं.

खायला गांडूळ उत्तम, पण खताच्या वाफ्यातलं लाल गांडूळ कडू रस सोडतं, बरेचदा तो ते थुंकून टाकतो. फवारणी न झालेल्या मातीतलं गांडूळ धुऊन, तुकडे करून द्या. एखाद-दोन दिवस खाल्लं नाही तर घाबरू नका.

जखमेवर पांढरे पुंजके आले, फुटलेल्या बोंडातून कापूस डोकावतो तसे, तर ती बुरशी. मिठाचा उपाय फक्त तेव्हाच. एक लिटर तयार पाण्यात दोन ते तीन छोटे चमचे आयोडीन नसलेलं मीठ पूर्ण विरघळवा. त्यात 10 मिनिटं ठेवा, 15 च्या वर कधीच नाही, दिवसातून जास्तीत जास्त दोनदा. घड्याळ समोर ठेवून करा, कारण मीठ जास्त झालं की कल्लेच खराब होतात.

बरं झाल्यावर त्याच टाकीत सोडण्याआधी जखम कशानं झाली ते शोधा. टोकदार दगड काढा. खडी तर काढाच, ती तो गिळतो आणि आतडं तुंबतं. गोल्डफिश कल्ले कुरतडतात, त्यांना वेगळं करा.

पोट फाटलं, पायांवर-पोटावर लाल रेघा उमटल्या, अंग फुगलं, जखम काळी पडून वास येऊ लागला किंवा आठवडाभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर घरचे उपाय थांबवा. तालुक्याच्या पशुवैद्यकांकडे बहुतेक गाई-बकऱ्याच येतात, तरी फोन करा, जखमेचा फोटो पाठवा, पाण्याचं तापमान सांगा. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही विचारा. न्यायचं झालं तर पहाटे निघा. झाकणाच्या डब्यात त्याच्याच टबातलं पाणी अंग बुडेल इतकं भरा, वर हवा राहू द्या, आणि डबा थर्माकोलच्या पेटीत गोठवलेल्या बाटलीशेजारी ठेवा. बाटलीला कापड गुंडाळायला विसरू नका. नमस्कार.