ज्याचा त्याचा शेवटचा प्रयोग

(अंधार. तिसरी घंटा. प्रेक्षागृहातली कुजबुज हळूहळू विरते.)

तिसरी घंटा झाली की आपला प्रेक्षक खुर्चीत सावरून बसतो. पिशवी पायाशी सरकते, खोकणारा एकदाचं खोकून घेतो. २२ नोव्हेंबर २०२३ला सायनच्या षण्मुखानंद सभागृहात ती घंटा झाली आणि माझ्या शेजारी बसलेल्या आईने पदर डोळ्यांना लावला. नाटक सुरू व्हायचं होतं अजून.

तो 'संगीत देवबाभळी'चा निरोपाचा प्रयोग होता. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी.

(नाट्यगृहाबाहेरची गर्दी. तिकिटं चाचपणारे हात. गजरे.)

ज्यांनी हे नाटक पाहिलं नाही, त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. तुकोबा भंडारा डोंगरावर जाऊन बसायचे. घरी परतायची शुद्ध नसायची. मग त्यांची बायको आवली रोज भाकरी घेऊन डोंगर चढायची आणि वाटभर विठ्ठलाला शिव्या घालायची. एके दिवशी तिच्या पायात बाभळीचा काटा रुतला आणि तो काढायला खुद्द विठ्ठल आला, अशी आख्यायिका आहे. ती आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. प्राजक्त देशमुख यांनी तिथून पुढचं नाटक लिहिलं. आवलीचा पाय बरा होईपर्यंत तिच्या घरात राबायला लखुबाई नावाची बाई येते. ती रखुमाई असते. आवलीला हे ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. एकीचा नवरा देवापायी हरवलेला, दुसरीचा नवराच देव आणि तोही भक्तांच्या गराड्यात हरवलेला.

रंगमंचावर पात्रं दोनच. शुभांगी सदावर्ते आवली, मानसी जोशी रखुमाई. दोघी स्वतः गातात. संगीत आनंद ओक यांचं, नेपथ्य प्रदीप मुळ्ये यांचं, प्रकाश प्रफुल्ल दीक्षित यांचा. ज्या भद्रकाली प्रॉडक्शन्सला महाराष्ट्र 'वस्त्रहरण'च्या मालवणी हशांसाठी ओळखतो, त्याच संस्थेने २०१७च्या डिसेंबरात हे नाटक उभं केलं. लेखनासाठी प्राजक्त देशमुख यांना २०२०चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. पुरस्कार आणखीही आहेत, पण ते मोजायला हा लघुपट केलेला नाही. ज्यांनी तिकीट काढून हे नाटक पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि शेवटीही जाऊन पाहिलं, त्यांच्याकडे आता काय उरलंय, एवढंच मला हवं होतं.

(लोकलच्या खिडकीतून पळणारी स्टेशनं: दादर, पार्ले, बोरिवली. मग ठाणे, डोंबिवली.)

परदेशात एखादं संगीत नाटक वर्षानुवर्षं एकाच थिएटरात चालतं. त्याचा शेवटही तिथेच, एका रात्रीत होतो. न्यूयॉर्कमध्ये 'द फँटम ऑफ द ऑपेरा' १९८८पासून एकाच इमारतीत चालू होतं. १६ एप्रिल २०२३ला ते थांबलं तेव्हा प्रयोग झाले होते १३,९८१. आपलं तसं नाही. आपलं नाटक टेम्पोतून फिरतं. आज शिवाजी मंदिर, उद्या दीनानाथ, रविवारी दुपारी गडकरी आणि रात्री आणखी कुठे. सेट लागतो, उतरतो, पुन्हा दोरखंडांनी आवळला जातो. त्यामुळे मराठी नाटक बंद होतं तेव्हा ते एकदम बंद होत नाही. आधी बोरिवलीत बंद होतं. मग मुलुंडला. मग ठाण्याला. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या पानावर 'शेवटचे काही प्रयोग' अशी ओळ आली की लोक आपापल्या नाट्यगृहाचं नाव शोधू लागतात.

म्हणूनच मी भेटलेल्या प्रत्येकाचा शेवटचा प्रयोग वेगळा निघाला. शेवटचा कधी पाहिलात, असं विचारलं की तारीख कुणीच सांगत नाही, सगळे जागा सांगतात.

ठाण्याचे एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, षण्मुखानंदला मुद्दाम आले नाहीत. तिकीट मिळत होतं, तरीही नाही. गडकरी रंगायतनात तिसऱ्या रांगेत बसून पाहिलेलं त्यांना तसंच ठेवायचं होतं. त्यांचं म्हणणं असं की दोन बायांचं बोलणं ऐकायचं तर ओटीवर बसून ऐकावं, मैदानात बसून नाही. मला हे पटलं होतं. अडीच हजारांहून जास्त खुर्च्यांचं ते सभागृह, तिथे आवलीची चूल दिसेल तरी का, ही भीती मलाही होती. काय झालं ते पुढे सांगते.

बोरिवलीच्या दोघी बहिणी भेटल्या. मोठी रुग्णालयात परिचारिका, धाकटी शाळेत शिकवते. प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात दोघींनी तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा स्टेशनपर्यंत भांडत गेल्या. मोठी आवलीच्या बाजूची. रोज उठून भाकरी थापणाऱ्या बाईला कसलं आलंय अध्यात्म, हा तिचा सवाल. धाकटी रखुमाईच्या बाजूची. आवलीला निदान शिव्या घालता येतात, देवाच्या बायकोने कुणाला शिव्या घालायच्या? माझ्यासमोरही हाच वाद सुरू झाला आणि मी कॅमेरा चालूच ठेवला. बोलता बोलता मोठी थांबली. म्हणाली, "शेवटच्या वेळी मात्र आम्ही भांडलो नाही. चालत गेलो नुसत्या."

डोंबिवलीचा एक मुलगा महाविद्यालयाच्या एकांकिका स्पर्धांमध्ये ध्वनी सांभाळायचा. त्याच्या आठवणीत चेहरे नाहीत, आवाज आहेत. बाल्कनीच्या मागच्या टोकाला बसून त्याने डोळे मिटून अख्खा एक प्रयोग ऐकला होता. गाणं संपतं आणि टाळी पडते, या दोहोंच्या मधली जागा तो मोजायचा. टाळी उशिरा आली तर प्रयोग रंगला, हा त्याचा हिशोब. शेवटी शेवटी लोक टाळी वाजवायचीच विसरायचे, असं तो सांगतो. वन्समोअरवर वाढलेल्या संगीत रंगभूमीची ही नवी दाद मला फार मोठी वाटते.

(जुन्या गिरगावातल्या गल्ल्या. ग्रँट रोडची वाहती रहदारी.)

'तो प्रयोग मी पाहिलाय' हे वाक्य या शहरात वारशासारखं सांगितलं जातं. ८ जुलै १९२१ला ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' या संगीत नाटकाचा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या होत्या. बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत आणि केशवराव भोसले धैर्यधराच्या. तीन महिने होत नाहीत तोच, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. त्या रात्री बालीवालात बसलेल्यांना आपण निरोपाला आलोय हे माहीत नव्हतं. नंतर आयुष्यभर ते त्या रात्रीच्या ताना आठवत राहिले असतील. आम्हाला आधीच माहीत होतं. आधी कळणं बरं की वाईट, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. मुलुंडच्या एका आजोबांचं उत्तर मला लागलं. ते म्हणाले, "माहीत असलं की माणूस नाटक बघत नाही, साठवत बसतो. माझं अर्धं लक्ष साठवण्यातच गेलं."

'देवबाभळी'च्या निरोपाच्याच महिन्यात, २०२३च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून परळचं दामोदर नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झालं होतं. शंभर वर्षांची वास्तू. गिरणगावातल्या माणसांना तो महिना दुहेरी गेला. आमच्या घरीही.

(लालबाग. चाळीचा व्हरांडा. स्वयंपाकघरातली स्त्री, पाठमोरी.)

माझी आई लालबागची. बाबा गिरणीत साचेखात्यात. भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, आषाढीला पंढरपूर कधी चुकवलं नाही. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले आणि घरी बसायचं ते किती दिवस, हे कुणालाच सांगता येईना. दिवसा सभा, रात्री भजन. आई पापड लाटायची, दुसऱ्याच्या घरची धुणी धुवायची. एकदा घरात पीठ नव्हतं आणि बाबा एकादशीच्या भजनाला गेले होते. त्या रात्री आईने देव्हाऱ्यातल्या विठोबाची तसबीर उलटी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी सरळ केली, पण एकादशीचा उपास तेव्हापासून सोडला तो सोडलाच. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

कळलं ते शिवाजी मंदिरात. 'देवबाभळी' आम्ही दोघींनी पहिल्यांदा तिथे पाहिलं. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. आवलीने पहिल्यांदा विठ्ठलाला झापलं, प्रेक्षक हसले आणि आई हसली नाही. तिने माझं मनगट धरलं. नाटक सुटल्यावर दादरच्या फुटपाथवर उभ्या उभ्या तिने मला तसबिरीची गोष्ट सांगितली. मागून फेरीवाले ओरडत होते, बस येऊन निघून गेली. छत्तीस वर्षं गिळलेलं होतं ते.

त्यानंतर जाहिरात आली की तीच मला कात्रण दाखवायची. पार्ल्याला दीनानाथमध्ये पाहिलं, माटुंग्याला यशवंतमध्ये पाहिलं. मार्च २०२०मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मधे थोडी उघडून पुन्हा मिटली. २२ ऑक्टोबर २०२१ला ती परत उघडली, तीही निम्म्याच प्रेक्षकांसाठी. मोकळ्या ठेवलेल्या खुर्च्यांकडे बघून आई म्हणाली होती, "इथे बाबा बसलेत असं समज." प्रत्येक वेळी तिला वेगळं काही दिसायचं. एकदा नुसत्या आवलीच्या भाकरीबद्दल बोलली, एकदा रखुमाईच्या रुसण्याबद्दल. नाटकावर इतका विचार करणारी माणसं वर्तमानपत्रात परीक्षणं लिहीत नाहीत. ती घरी आमटी ढवळत बोलतात, आणि ते बोलणं कुठे छापून येत नाही, म्हणून मी हा कॅमेरा घेऊन फिरले.

(षण्मुखानंदची रोषणाई. वर चढणाऱ्या पायऱ्या.)

आता त्या दिवसाकडे येते. आमची जागा वरच्या बाल्कनीत होती. आईचे गुडघे दुखत होते, प्रत्येक जिन्यावर थांबत चढलो. शेजारून चढणारी अनोळखी माणसं एकमेकांना विचारत होती, "तुमचा कितवा?" कुणी सातवा सांगत होतं, कुणी पहिला. पहिला म्हणणाऱ्याकडे सगळे जरा मायेने बघायचे.

वरून खाली रंगमंच दिसला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तो आगपेटीएवढा दिसत होता. ठाण्याच्या काकांचं खरं ठरणार, असं वाटलं. नाटक सुरू झालं. पहिली काही मिनिटं मी नुसतं अंतर बघत होते. मग कधीतरी अंतर दिसेनासं झालं. आवली लहानच होती, अंगठ्याएवढी. पण डोंगर चढणारी बाई लांबून तशीच दिसते. पायथ्याशी उभं राहून भंडाऱ्याकडे पाहिलं तर ती इतकीच दिसली असती. काका, तुमचं तिसऱ्या रांगेतलं नाटक तुमच्याजवळ राहू दे, पण हे वरून पाहिलेलंही खरं होतं.

त्या दिवशी खूप जण संवाद ओठांत म्हणत होते. माझ्या पुढच्या रांगेतली एक मुलगी तर पदाच्या आधीचा श्वाससुद्धा रखुमाईबरोबर घेत होती. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबायच्या आणि परत सुरू व्हायच्या. दिवे लागले तरी माणसं हलेनात. कुणी रंगमंचाकडे गेलं, कुणी खुर्चीतच बसून राहिलं. फोटोसाठी मोबाइल उचललेल्या एका काकूंनी तो तसाच पर्समध्ये ठेवून दिला. मीही काही टिपलं नाही. या लघुपटात त्या क्षणाचं दृश्य नाही, ते एवढ्यासाठीच.

आम्ही शेवटच्या माणसांबरोबर उतरलो. बाहेर मागच्या बाजूला एक टेम्पो उभा होता. तो याच सेटसाठी आला होता की दुसऱ्या कशासाठी, कोण जाणे. आई त्याच्याकडे बघत थांबली. आधीच्या प्रत्येक वेळी निघताना ती विचारायची, आता पुढचा कुठे लागलाय? त्या दिवशी विचारलं नाही.

(रात्र. चाळीतलं स्वयंपाकघर. नळाचं पाणी, भांड्याचा आवाज.)

घरी पोचल्यावर मी कपडे बदलून येते तो आईने साबुदाणा धुवायला घेतला होता. दुसऱ्या दिवशी कार्तिकी. मी दारातच थांबले. एकेचाळीस वर्षांनी, असं मनात आलं, आणि मला वाटतं ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

तिने वळून बघितलं. म्हणाली, "हा तुझ्यासाठी. मी भाकरीच खाणार आहे."

"का गं? अजून?"

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, हात पुसले.

"आवलीकडे तो स्वतः आला होता," ती म्हणाली. "माझ्याकडे येऊ दे की एकदा."