चांदोबातला शंकर

(पडद्यावर ‘चांदोबा’ या मुलांच्या मासिकाचा जुना अंक. पानं उलटणारा हात एका चित्रावर थांबतो.)

ओळखलंत ना? उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत. हट्टी विक्रम, आणि त्याच्याहून हट्टी वेताळ. आमच्याकडे अंक आला की सगळ्यात आधी हे पान काढायचं आणि लगेच उलटायचं. रात्री झोपायचं असायचं ना!

या चित्रांचा धनी शंकर. हा गिरगावात नाहीतर सदाशिव पेठेत कुठंतरी राहत असणार, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन. तमिळ माणूस, जन्म १९२४ चा. शिकले मद्रासच्या कलाशाळेत. तिथले प्राचार्य होते देवीप्रसाद रॉयचौधरी. मरीना किनाऱ्यावरचं ते श्रमिकांचं शिल्प त्यांचंच. शिक्षण संपल्यावर ‘कलैमगळ’ या तमिळ मासिकात नोकरी, आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला चांदमामा, म्हणजे आपल्या चांदोबाचं मूळ मासिक.

चांदमामा निघाला जुलै १९४७ मध्ये, तेलुगू आणि तमिळमध्ये. काढणारे नागी रेड्डी आणि चक्रपाणी, म्हणजे ‘मायाबाजार’ सिनेमावाले. राजवाडे, राक्षस, मायावी नगरं हा त्यांच्या घरचाच माल! १९५२ मध्ये तो मराठीत चांदोबा होऊन आला. पुढे भाषा वाढत वाढत डझनावर गेल्या. मजकूर प्रत्येक भाषेत वेगळा, चित्र मात्र तेच. म्हणून शंकरचा राजा ना धड मराठा, ना धड चोळ. कोल्हापूरच्या पोराला तो आपला वाटला पाहिजे आणि कटकच्या पोरालाही.

(कॅमेरा एका कथाचित्राच्या जवळ जातो.)

आता ही रेघ बघा. खांबावरचं कोरीवकाम, शेल्याची चुणी, झाडाचं एकेक पान. काही म्हणजे काही मोघम सोडलेलं नाही. आजच्या डोळ्याला कदाचित दाटी वाटेल. पण तेव्हा मूल एक अंक महिनाभर पुरवायचं. दहाव्यांदा पाहताना त्याला खिडकीतली दासी सापडायची, झाडामागचा हेर सापडायचा. ही दाटी त्या दहाव्या वेळेसाठी होती.

वेताळाची गंमत वेगळीच. मूळच्या कथा पंचवीस. त्या संपल्या, पण वेताळ काही खांद्यावरून उतरेना. चांदोबानं नवनव्या गोष्टी त्याच्या तोंडी घातल्या आणि मालिका कित्येक दशकं चालली. सुरुवात तीच, शेवट तोच. राजा बोलला की प्रेत झाडावर. नवं काय ते मधल्या गोष्टीत, आणि तिथं चित्रकाराला दर महिन्याला नवं गाव वसवायचं. मला विचाराल तर त्या विक्रमाची खरी करामत त्याच्या चालीत आहे. पाठीवर भूत घेतलेला माणूस बाजाराला निघाल्यासारखा चालतोय. तो घाबरला असता, तर आम्ही ते पान पुन्हा उघडलंच नसतं.

सोबतचे चित्रकार एकेक करून गेले. शंकर काढत राहिले, ऐंशी ओलांडल्यावरही. २९ सप्टेंबर २०२० रोजी ते वारले. पद्मश्री जाहीर झाली २०२१ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर.

(हात अंक मिटत नाही. पुढचं पान उलटतो.)

हे बघा, इथं कुणीतरी पेन्सिलीनं वेताळाला मिशा काढल्यात.