मुठीत राहिलेल्या अक्षता

श्रोतेहो, नमस्कार. संदर्भांनी गच्च भरलेली कादंबरी पहिल्यांदा कशी वाचावी, हा आजचा विषय.

आयरिश लेखक जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ मी दोनदा अर्ध्यात सोडली. १९२२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेली, अठरा प्रकरणांची कादंबरी. १६ जून १९०४ च्या सकाळी डब्लिन शहरात सुरू होते आणि रात्र उलटल्यावर संपते. आत ग्रीक कवी होमर, बायबल, शेक्सपिअर, लॅटिन प्रार्थना. प्रत्येक ओळीला मी टिपा बघायचो. तिसऱ्या वेळी पुस्तक पार पडलं, ते आमच्या मेहुण्यांमुळे.

मेहुणे नाशिकचे. संक्रांतीला आमच्या सोलापूरला सिद्धेश्वरांच्या, म्हणजे संत सिद्धरामेश्वरांच्या, यात्रेला आले. रस्ताभर विचारत होते, बाराबंदीच, म्हणजे हा पांढरा पोशाखच, का घालतात? नंदीध्वज, या मिरवणुकीतल्या उंच काठ्या, सातच का? सिद्धरामेश्वरांचा योगदंड, म्हणजे त्यांची काठी, कशासाठी? मीही हौसेनं सांगत होतो. अक्षता सोहळा होतो त्या सम्मती कट्ट्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. सम्मतीचं, म्हणजे लग्नाच्या संमतीचं, वाचन सुरू झालं, ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ कानावर आलं आणि अक्षता टाकायला चहूकडून हात वर गेले. तेवढ्यात मेहुण्यांनी माझी बाही ओढली. “दिड्डम म्हणजे काय हो?” मी त्यांच्या कानाशी वाकून सांगत राहिलो आणि सोहळा आटोपला. घरी येऊन त्यांनी मूठ उघडली, तर तांदूळ घामानं तळहाताला चिकटलेले. बहीण म्हणाली, “अहो, अक्षता मुठीतच राहिल्या की!”

पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. या खेपेला एक प्रश्न नाही. हजारो हात वर गेले, त्यांचाही गेला. रात्री हुरडा आणि शेंगाचटणी घेऊन बसलो. चटणी उखळात कुटलेलीच हवी बरं का, तेल सुटेपर्यंत. मिक्सरमधून निघतो तो नुसता भुगा. तर तेव्हा मेहुणे म्हणाले, “आता सांगा, ते लग्न कुणाचं?” सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह, ती कथा मी सांगितली. ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. आदल्या वर्षी हीच कथा मी चालता चालता सांगितली होती, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली होती.

म्हणून सांगतो, पहिल्या वाचनात थांबायचं नाही. टिपांचं पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवा. अडलं तिथे पेन्सिलीनं बारीक खूण करा आणि पुढे चला. कादंबरी बेतलीय होमरच्या गोष्टीवर; ती आधी माहीत हवी तेवढीच, की एक माणूस बरीच वर्षं भटकून घरी परततो. बस. पहिल्या वाचनात थांबायचं नाही.

आणि मोठ्यानं वाचा. डोळ्यांना अवघड वाटणारं वाक्य पुष्कळदा कानाला सोपं जातं.

‘युलिसिस’चं तिसरं प्रकरण फार छळतं. एक तरुण समुद्रकाठानं एकटा चालतो आणि त्याच्या डोक्यात अनेक भाषा घोळतात. तिथे अडलात तर सरळ चौथं उघडा. लिओपोल्ड ब्लूम सकाळी बायकोसाठी नाश्ता करतोय, पायाशी मांजर घुटमळतंय. मांजराला तो दूध घालतो, बायकोचा चहा वर नेऊन देतो, तिच्याशी बोलत बसतो आणि खाली चुलीवर त्याच्या नाश्त्याचा, डुकराचा गुर्दा करपतो. वास आल्यावर जिन्यावरून कसा धावत खाली येतो, ते वाचा. तिसरं प्रकरण मागाहून वाचलंत तरी चालेल.