सकाळची उलटी गाडी

मित्रहो, रोज अप-डाउन करणाऱ्यांच्या गावाबद्दल बोलायचं म्हटलं, की चर्चा घरांपासून सुरू होते आणि घरांपाशीच संपते. किती इमारती, किती मजले, ताबा कधी. मी आज वेगळी मोजणी सुचवतो. सकाळी आठ वाजता फलाटावर उभे राहा. शहराकडे जाणारी गाडी बघू नका, ती भरलेली असणारच. शहराकडून येणाऱ्या गाडीतून किती माणसं उतरतात, ते मोजा. गाव वाढतंय की नुसतं फुगतंय, हे तिथे कळतं.

या उलट्या गाडीचा विचार जपानमध्ये इचिझो कोबायाशी यांनी केला. 1910 मध्ये त्यांनी ओसाकाहून विरळ वस्तीतून जाणारा रेल्वेमार्ग सुरू केला. प्रवासी आणायचे कुठून? त्यांनी मार्गालगत घरं बांधली आणि हप्त्यांवर विकली. दुसऱ्या टोकाला, ताकाराझुकाला, सहलीसाठी सार्वजनिक स्नानगृह उभारलं, आणि 1914 पासून तिथे मुलींच्या नाट्यसंघाचे प्रयोग होऊ लागले. शहरातली माणसं उलट्या दिशेनं निघाली. पुढे रेल्वे कंपन्यांनी विद्यापीठांनाही बाहेर जागा दिल्या. टोकियोजवळच्या हियोशीचा केइओ विद्यापीठाचा परिसर 1934 साली असाच आला. समाजसेवा नव्हती ती, निव्वळ धंदा होता. रिकामा डबा ओढायलाही वीज लागतेच ना!

आता स्वीडनमधल्या स्टॉकहोमचं वेलिंगबी हे उपनगर घ्या. 1954 साली त्याचं उद्घाटन झालं, ते काम, घर आणि बाजारपेठ एका ठिकाणी असावी या कल्पनेवर. निम्म्या कामकऱ्यांना गावातच काम मिळेल, असा नियोजनकारांचा हिशेब होता. तो चुकला. बरेच जण बाहेर कामाला गेले आणि इथल्या नोकऱ्यांवर बाहेरचे आले. काही जण याला अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. माणूस घरापेक्षा नोकरी जास्त वेळा बदलतो, आणि नवरा-बायको दोघं कमावती असतील तर दोघांची कामं एकाच गावात मिळणं हा योगायोगच. गाडी दोन्ही दिशांनी भरली, एवढं मला पुरतं.

‘जलद गाडी आली की प्रश्न सुटेल’, असं कुणी म्हणालं की मला 1994 सालचा इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांचा निबंध आठवतो. माणूस दिवसाला साधारण एक तास प्रवासात घालवतो. वेग वाढला की वेळ वाचत नाही, अंतर वाढतं. म्हणजे घरं आणखी लांब जातात, आणि आपल्या स्टेशनाजवळची जमीन तेवढी महाग होते.

त्या महागाईचा खरा चटका कुणाला बसतो? लोक आले की शाळा, दवाखाना, गॅरेज, पाळणाघर आपोआप येतं, त्याबरोबर नोकऱ्याही येतात. पण गावातलं घरभाडं ठरतं शहरातल्या पगारावर, आणि दवाखान्यातल्या नर्सचा पगार मात्र गावच्या मानानं. मग ती इथे राहू शकत नाही. ती आपल्या उलट्या गाडीतूनही येत नाही बरं का. मागच्या, आणखी लांबच्या गावाहून, शहराकडे जाणाऱ्या भरलेल्या गाडीतून येते आणि दारातल्या गर्दीतून वाट काढत इथे उतरते. आपली मोजणी तिला पकडत नाही. म्हणून मी म्हणतो, नवीन वस्तीला परवानगी देताना लहान, भाड्याची घरं किती, हे आधी विचारा.

आणि स्टेशनलगतची जागा. घरं नकाशावर असतानाच विकली जातात. कॉलेज किंवा कारखाना यायला दहा वर्षं लागतात. तोवर तो तुकडा मोकळा ठेवायचा, म्हणजे ‘एवढी मोक्याची जागा पडून आहे’ हे टोमणे दर निवडणुकीत ऐकायचे. तेवढं ऐकून घेणारा कुणीतरी नगरपालिकेत हवा.