गंजलेले आठ बोल्ट आणि एक लाल मियाता

(काळा पडदा. फक्त आवाज. मग गाडीखालचा क्लोज-अप.)

हा आवाज लोखंड कापायचा आहे. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला जिथे चाक धरणारा आर्म गाडीखालच्या सांगाड्याला, म्हणजे सबफ्रेमला, जोडला जातो, तिथल्या बोल्टला काका आरी लावून बसलेत. बोल्ट फिरत नाही, ठोकून बाहेर येत नाही, तापवून झाला, तेल पाजून झालं, तरी ढिम्म. मग शेवटी ब्रॅकेट आणि बुश (आर्मच्या टोकातला रबरी तुकडा) यांच्यामधे जी चिमूटभर फट असते तिच्यात ब्लेड घालायचं आणि दोन्ही बाजूंनी कापायचं, दुसरा इलाज नाही. असे आठ बोल्ट आहेत या गाडीला. चारही कोपऱ्यांत दोन-दोन.

(ब्लेड थांबतं. गॅरेजचा लाँग शॉट.)

गाव नोव्ही, मिशिगन. डेट्रॉइटच्या वायव्येला, गाड्यांच्या कंपन्यांतल्या इंजिनीअर लोकांनी भरलेलं उपनगर, आणि त्यात आपली मराठी मंडळी भरपूर. काका मूळचे पुण्याचे. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरवर गाड्यांचं काम करतात आणि संध्याकाळी खऱ्या गाडीखाली जाऊन झोपतात. बरोबर त्यांची लेक, सध्या कॉलेजात, हातात टॉर्च.

आणि ही गाडी. 1991 ची माझदा एमएक्स-5. अमेरिकेत हिला मियाता म्हणतात, जपानमधे तेव्हा यूनोस रोडस्टर म्हणायचे. दोन सीट, उघडं टप, 1.6 लिटरचं इंजिन, मागची चाकं गाडी ढकलणार, आणि वजन एक टनापेक्षाही कमी.

(जुने फोटो, मग गाडी फिरत्या शॉटमधे.)

हिची गोष्ट थोडी सांगायलाच हवी. 1979 मधे बॉब हॉल नावाचा एक अमेरिकन पत्रकार माझदाच्या केनिची यामामोटो यांना भेटला. यामामोटो म्हणजे माझदाचं रोटरी इंजिन ज्यांनी उभं केलं ते. हॉलने त्यांना सांगितलं की ब्रिटिश लोक बनवायचे तशी साधी, हलकी, उघडी स्पोर्ट्‌स कार आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. खरंच होतं ते, 1980 मधे एमजीबी बंद झाली, ट्रायम्फ स्पिटफायर बंद झाली, त्या गाड्या तेल गळायच्या, पावसात बंद पडायच्या, पण लोकांचा जीव त्यांच्यावर होता. पुढे हॉल माझदाच्याच अमेरिकेतल्या ऑफिसात नोकरीला लागला, यामामोटो कंपनीचे अध्यक्ष झाले, आणि तोशिहिको हिराई यांच्या हाताखाली ही गाडी तयार झाली. फेब्रुवारी 1989 मधे शिकागोच्या ऑटो शोमधे लोकांनी ती पहिल्यांदा पाहिली. किंमत 13,800 डॉलर. 2016 मधे या मॉडेलच्या गाड्यांचा आकडा दहा लाखांवर गेला, दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्‌स कारमधे असं दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही.

एवढी स्वस्त गाडी, इंजिनात फार दम नाही, 116 हॉर्सपॉवर फक्त, मग लोक वेडे कशाने झाले? काका म्हणतात, खाली वाकून बघा.

(चाक काढलेलं. दोन्ही आर्म दिसतात. कॅमेरा हळू हळू वर.)

हे दोन आर्म दिसतायत ना, एक वर, एक खाली. डबल विशबोन. चारही चाकांना. त्या काळातल्या बहुतेक स्वस्त गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असायचा, म्हणजे खाली एक आर्म आणि वर शॉकअपच खांबाचं काम करणार. स्वस्त पडतं, जागा कमी लागते. पण वळणावर गाडी कलली की चाकही बरंचसं तिच्याबरोबर कलतं, टायर एका कडेवर येतो. दोन आर्म असले, आणि वरचा खालच्यापेक्षा आखूड ठेवला, की गाडी कलली तरी टायर रस्त्यावर बऱ्यापैकी सपाट राहतो. मधे हा जो ॲल्युमिनियमचा लांब तुळईसारखा भाग दिसतोय तो गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) यांना एकत्र जखडतो, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की मधे काही पिळवटत नाही. हे सगळं 1991 च्या स्वस्त गाडीत!

आणि हे सगळं टिकून असतं रबरावर.

(काकांच्या तळहातावर जुना बुश.)

हा बुश. मधे लोखंडी नळी, तिला चिकटवलेलं रबर, आणि ते अख्खं आर्मच्या गोल कड्यात दाबून बसवलेलं. नळीतून बोल्ट जातो आणि बोल्ट आवळला की नळी ब्रॅकेटमधे जखडली जाते, ती फिरत नाही. मग आर्म वरखाली कसा होतो? तर रबर पिळलं जातं. नळी जागेवर, कडं फिरतंय, मधलं रबर ताण घेतंय आणि सोडतंय. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याला वरपासून खालपर्यंत चीर गेलीय. बोटाने दाबलं तर नळी एका बाजूला सरकते. म्हणजे ब्रेक मारला की चाक थोडं मागे, सोडला की पुढे, स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी आपल्या मनाने इकडे तिकडे. हायवेवर सतत हात हलवत बसायचं. लोकांना वाटतं गाडी जुनी झाली म्हणून असं होतं. गाडी कुठे जुनी झालीय, रबर जुनं झालंय.

(हिवाळ्यातलं फुटेज. मीठ टाकणारा ट्रक.)

आणि हा दुसरा गुन्हेगार. मिशिगनमधे बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळतो, ते खारं पाणी गाडीच्या पोटाला लागतं आणि गंज झपाट्याने धरतो. गंमत म्हणजे डेट्रॉइट शहराच्या खालीच, साधारण 350 मीटर खोल, मिठाची मोठी खाण आहे. वर गाड्या बनवणारं शहर आणि खाली गाड्या खाणारं मीठ. ही मियाता आधीच्या मालकाने हिवाळ्यातही चालवली, आणि या राज्यात गाडीची दरवर्षी तपासणी वगैरे भानगड नाही, त्यामुळे खाली काय चाललंय ते कोणी बघितलंच नाही.

(शॉकअप बाहेर येतो. बंप स्टॉप हातात.)

शॉकअप काढला. दांडा दाबून सोडला तर परत यायचं नावच नाही, आतलं तेल कधीच गळून गेलेलं. आणि दांड्यावरचा हा पिवळट बंप स्टॉप बघा, काकांनी हातात घेतला तर शिळ्या ढोकळ्यासारखा भुगा झाला. याचं काम असतं मोठा खड्डा आला की शेवटचा धक्का झेलायचं. तो नसला तर लोखंड लोखंडावर आपटतं.

इथे जरा एक गोष्ट बोलायची आहे, काकांची हरकत नाही आणि माझी तर मुळीच नाही. या गाड्या खाली बसवायची फॅशन आहे. स्वस्तातले कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप, घ्यायचे, गाडी दोन इंच खाली, चाकं आत झुकलेली, फोटो झकास. पण या पहिल्या पिढीच्या मियाताला मुळातच चाकाचा खालीवर प्रवास कमी दिलाय. दोन इंच तुम्ही उभ्या-उभ्याच खाऊन टाकलेत तर गाडी बंप स्टॉपवर बसूनच रस्ता कापणार, प्रत्येक खड्डा थेट कमरेत. हिराई आणि मंडळींनी एवढं डोकं लावून दोन-दोन आर्म दिले ते कशासाठी? काकांनी गाडीची उंची कंपनीची होती तीच ठेवली. शॉकअप बिल्स्टिनचे घेतले, पिवळे, आत गॅसचा दाब असलेले, आणि हे काही बाहेरचं खूळ नाही, 1994 च्या आर पॅकेजमधे, म्हणजे कडक सस्पेन्शनच्या मियातामधे, माझदा स्वतःच बिल्स्टिन देत होती. वरचे माऊंट, म्हणजे शॉकअप जिथे गाडीला जोडतात तो भाग, मात्र 1998 साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या गाडीचे, कारण त्यांनी चाकाला अजून थोडा प्रवास मिळतो. बदल करायचा तर असा करा.

(स्प्रिंग कॉम्प्रेसर. इथे निवेदन नाही, फक्त काकांचा आवाज: "हात काढ गं तिथून. मागे हो. अजून मागे.")

(परत बोल्ट.)

आता त्या आठ बोल्टांकडे. हे साधे बोल्ट नाहीत. यांच्या डोक्यापाशी जी गोल चकती आहे ती मधोमध नाही, मुद्दाम एका बाजूला सरकवलेली आहे. बोल्ट फिरवला की खालचा आर्म किंचित आत किंवा बाहेर जातो, आणि त्यावरून चाकाचा कल ठरतो. व्हील अलाइनमेंट म्हणजे बरंचसं हेच. पण बोल्ट बुशच्या नळीला गंजून एकजीव झाला तर अलाइनमेंटवाला काय कपाळ करणार? तो कागद देतो, पैसे घेतो, गाडी होती तशीच.

खोलायच्या आधी काकांनी प्रत्येक चकतीची जागा पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवली, म्हणजे नवे बोल्ट साधारण तिथेच बसवता येतील. पुढचे दोन सुटले. एक तापवून सुटला, जळक्या रबराचा धूर दिसतोय तो त्याचाच. बाकीचे सगळे कापले.

आणि यांच्याहून वाईट हा. मागच्या चाकाच्या नकलमधून, म्हणजे ज्या तुकड्यावर चाक बसतं त्यातून, आरपार जाणारा लांब बोल्ट. मियातावाल्यांना याचं नाव काढलं तरी घाम फुटतो, कारण एवढी लांबी आतल्या आत गंजलेली असते. तेल, उष्णता, हातोडी, परत तेल. उजवीकडचा निघाला.

(डावीकडचा. पूर्ण आवाज, निवेदन नाही. काकांचा चेहरा. लेकीचा चेहरा. बोल्ट जमिनीवर पडतो.)

(प्रेस. हे फुटेज पूर्ण वापरायचं.)

आर्म घासून, गंज काढून, काळा रंग मारून तयार. आता जुने बुश बाहेर, नवे आत. काका हे काम पहिल्यांदा शिकले ते पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या गल्लीत, तिथे प्रेस नव्हता, मोठा व्हाइस आणि योग्य मापाचा एक सॉकेट, एवढ्यावर कारभार. इथे हायड्रॉलिक प्रेस आहे पण पद्धत तीच. खाली पोकळ नळकांडं ज्यात जुना बुश पडेल, वर बुशच्या मापाचा तुकडा, आणि आर्म सरळ धरायचा, जराही तिरका नाही. लेक धरतेय, काका दांडा मारतायत. आधी काही होत नाही, मग काहीच होत नाही, आणि मग धाडकन. तो आवाज तुम्ही ऐकलात.

नवा बुश साबणाच्या पाण्यात बुडवून, हाताने सरळ टेकवून, हळू हळू आत. तिरका जातोय वाटलं की थांबायचं, काढायचं, परत लावायचं. नवे बुश रबराचेच घेतले. पॉलियुरेथेनचे मिळतात, लाल निळे, दिसायला छान, टिकतातही, पण ते रबरासारखे पिळत नाहीत, नळीवर फिरतात, त्यामुळे ग्रीस सुकलं की कुई कुई सुरू, आणि रस्त्यावरची प्रत्येक रेघ गाडीत जाणवते. रेसट्रॅकवर चालेल. काकांना ऑफिसला जायचंय.

खालचे बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक यांच्यामधले गोल सांधे, तेही नवे.

(सगळं परत बसतंय. वेगवान कट. मग अचानक थांबतो.)

थांबा, इथे घाई नको. सगळे आर्म लागले, बोल्ट घातले, पण एकही बोल्ट शेवटपर्यंत आवळलेला नाही. लेक विचारतेय ते ऐका, "बाबा, आवळून टाकू का?" आणि काका म्हणतायत, "आत्ता नाही. आधी तिला तिच्या पायावर उभी करू."

मघाशी म्हटलं होतं लक्षात ठेवा. बुशचं रबर पिळतं. आत्ता गाडी स्टँडवर आहे, चाकं खाली लोंबकळतायत. आत्ता बोल्ट आवळला तर रबराला वाटणार हीच आपली आरामाची जागा. मग गाडी जमिनीवर आली, आर्म वर गेला, की रबर कायमचं पिळलेलं. उभ्या गाडीतही पिळलेलं, रात्रभर गॅरेजमधे पिळलेलं. नवे बुश बघता बघता फाटतात आणि मग लोक पार्टच्या क्वालिटीला शिव्या देतात. गाडी थोडी उंच बसते ते वेगळंच. कित्येक गॅरेजात हे असंच होतं, कारण लिफ्टवर गाडी वर असताना आवळणं सोपं जातं.

म्हणून हे लाकडी ठोकळे. प्रत्येक चाकाखाली जाड ठोकळे, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर, आणि तरी खाली माणूस सरपटत जाईल एवढी जागा. गाडी दोन-चारदा दाबून हलवायची म्हणजे स्प्रिंग आपापल्या जागी बसतात. काकांनी चाकाच्या मधापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून माप घेतलं, चारही बाजूंनी. मग खाली जाऊन, पाठीवर झोपून, टॉर्क पान्याने एकेक बोल्ट. प्रत्येक नव्या बोल्टला आधी अँटी-सीझ फासलेलं, म्हणजे पुढच्या माणसाला आरी लागायला नको. पान्याचा हा टक् आवाज कापू नका, तसाच राहू द्या.

(टक्. टक्. टक्. लेक पाना मागते. काका देतात.)

(रस्ता. लाल गाडी, टप उघडं.)

अलाइनमेंट दुकानात करून घेतली, आठही बोल्ट फिरले. स्टिअरिंग आता सरळ राहतं, ब्रेक मारला तरी गाडी रेघेत. खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने बराच झाला आणि काकूंना तो आकडा अजून पूर्ण सांगितलेला नाही. माझदाने हिरोशिमात या पहिल्या पिढीच्या गाड्या दुरुस्त करून द्यायची योजना 2017 मधे जाहीर केली आणि बंद झालेले काही पार्टही परत बनवायला घेतले, त्यातला मूळ मापाचा टायर, 185/60, 14 इंची, त्यावर काकांचा डोळा आहे.

मागच्या चाकापुढचा पत्रा मात्र दोन्ही बाजूंनी गेलाय. टपाचं पाणी जायच्या नळ्या तुंबल्या की पाणी तिथेच साठतं आणि आतून सडतं. ते कापून नवीन पत्रा वेल्ड करावा लागेल, बर्फ पडायच्या आत.