पुठ्ठ्यावरची लेडी मॅकबेथ

श्रोतेहो, नमस्कार. १८८८च्या डिसेंबरअखेरीस लंडनच्या लायसियम थिएटरमध्ये नट हेन्री आयर्व्हिंग यांनी बसवलेले शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ रंगमंचावर आले आणि त्यात लेडी मॅकबेथ साकारणाऱ्या एलन टेरी यांचा हिरवा पोशाख शहरभर चर्चेचा विषय झाला. भुंगेऱ्यांचे चकाकणारे पंख शिवून सजवलेला हा पोशाख आजही केंट परगण्यातील स्मॉलहाइथ प्लेस या त्यांच्या घरी जपून ठेवलेला आहे. याच वेषातील त्यांची छायाचित्रे विंडो अँड ग्रोव्ह या स्टुडिओने काढली. त्यांत हिरवा रंग अर्थातच नाही. पण लांबसडक वेण्या, रुंद बाह्या आणि ताठ मान पाहिली की भूमिकेचा दरारा जाणवतो.

मात्र हे छायाचित्र प्रयोगाचे नव्हे, हे अशी जुनी छायाचित्रे जमवणाऱ्या संग्राहकाने कायम ध्यानात ठेवले पाहिजे. गॅसच्या दिव्यांत चालणारा अभिनय त्या काळच्या कॅमेऱ्याला टिपता येत नसे, म्हणून कलावंत पोशाख घेऊन काचेच्या छताच्या स्टुडिओत येत आणि तिथे निश्चल उभे राहून आपली भूमिका नव्याने उभी करत. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार नेपोलियन सरोनी तर अशी ‘पोझ’ बसवण्यातच निष्णात होते. त्यांनी काढलेल्या लेखक ऑस्कर वाइल्ड यांच्या छायाचित्रावरून स्वामित्वहक्काचा खटला झाला, तेव्हा मांडणी, वेष आणि प्रकाश यांची योजना करणारा छायाचित्रकार हा त्या कृतीचा कर्ताच ठरतो, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४मध्ये दिला. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

ही चित्रे बहुधा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली असत. १८५४मध्ये पॅरिसचे छायाचित्रकार दिस्देरी यांनी पेटंट घेतलेले असे छायाचित्राचे कार्ड तळहातात मावेल एवढे होते. १८६६च्या सुमारास त्याहून मोठे, सुमारे साडेसोळा सेंटिमीटर उंचीचे कॅबिनेट कार्ड आले आणि नटनट्यांच्या छबींना तेच अधिक मानवले, कारण त्यात पोशाखाचे बारकावे दिसत.

पुठ्ठ्याची मागची बाजूही तितक्याच बारकाईने वाचावी. तिथे छापलेले स्टुडिओचे नाव, पत्ता आणि त्याला मिळालेली पदके यांवरून काळाचा अंदाज बांधता येतो. म्हणून जुन्या अल्बममध्ये डकवलेले कार्ड कधीही ओढून काढू नये, कारण त्या ओढाताणीत नेमका हाच मजकूर फाटून जातो.