आधी कळस : कडेगावच्या ताबुतांची बांधणी

(दृश्य : ड्रोन. गावाची छपरं, त्यांच्याही वर ताबूत.)

सांगली जिल्ह्यातलं कडेगाव. आज मोहरमचा दहावा दिवस. कौलं, पत्रे, स्लॅबवरच्या पाण्याच्या टाक्या, सगळं खाली राहिलंय, आणि वर आलेत हे ताबूत, मोहरममध्ये मिरवायचे बांबू-कागदाचे मनोरे. सगळ्यात उंच ताबूत शंभर फुटांच्याही पुढे जातात. एकूण चौदा. त्यातले निम्मे हिंदू घराण्यांच्या मानाचे. सातभाई, देशपांडे, शेटे, अत्तार, बागवान, हकीम, इनामदार... ताबूत ओळखले जातात ते या मानकऱ्यांच्या नावानं.

इ.स. ६८० मध्ये इमाम हुसेन आणि त्यांचे साथीदार करबलाच्या मैदानात शहीद झाले. त्यांच्या स्मरणाचा हा दिवस. कडेगावात तो दीडशेहून अधिक वर्षं असा पाळला जातोय. इथं ताबूत बसवायला पुढाकार घेतला तो देशपांडे या ब्राह्मण घराण्यानं, असं गाव सांगतं. तो मान आजही चालू आहे.

(दृश्य : बांबू फोडणारे हात, ओल्या चिकणमातीचा ढीग.)

आज चौकात ताबुतांच्या भेटी होतील, पण त्याआधी बांधणी पाहायला हवी. कारण या गावाचं खरं एकत्र येणं त्या महिनाभरातलं आहे.

बकरी ईदला काम सुरू होतं. तिथून मोहरमच्या दहाव्या दिवसापर्यंत बरोबर एक चांद्रमास मिळतो. सामान म्हणाल तर बांबू, सूत, चिकणमाती आणि रंगीत कागद. बांबू उभा फोडून त्याच्या कांब्या काढायच्या. माती भिजवून मळायची, खडा म्हणून राहता कामा नये. एकीकडं सुताची रिळं उलगडत असतात.

(दृश्य : जवळून. दोन कांब्यांचा सांधा.)

हा सांधा नीट पाहा. दोन कांब्या एकमेकींवर आडव्या धरल्या. त्यावरून सूत फिरवलं. एक वेढा, दुसरा, तिसरा. आणि आता गाठ मारायची वेळ आली, असं आपल्याला वाटतं. इथं गाठ मारत नाहीत. सुताच्या टोकावर मातीचा लपका दाबून बसवतात, अंगठ्यानं सारखा करतात आणि हात पुढच्या सांध्याकडे जातो. माती वाळली की सूत धरून ठेवते. एवढा मनोरा उभा राहतो तो अशा सांध्यांवर.

(दृश्य : अंगणात छोटा अष्टकोनी मजला.)

दुसरी गोष्ट याहून नवलाची. बांधणी वरून खाली येते. आधी कळस, मग त्याखालचा मजला, मग त्याच्याही खालचा. प्रत्येक मजला आठ बाजूंचा. तयार झालेला भाग वर उचलून धरायचा आणि त्याच्याखाली नवा मजला जोडायचा. जसजसा ताबूत वाढतो तसतशी उचलायला माणसं जास्त लागतात. शेवटच्या दिवसांत तर आख्खी गल्ली येऊन उभी राहते. त्या वेळी शेजारचा हात कुणाचा आहे हे बघायला कुणाला उसंत नसते. हाक येते, सगळे एकदम जोर लावतात, ताबूत वर जातो.

रंगीत कागद लावायचं काम शेवटी. खळीचा वास, कात्रणांचा पसारा, आणि मध्ये मध्ये लुडबुडणारी पोरं. चिकटवायला बसलेल्यांत म्हातारे आहेत तसे कॉलेजात जाणारेही. शिकवणारा इथं वेगळा नसतो. शेजारी बसायचं आणि बघत बघत हात चालवायचा.

(दृश्य : मिरवणूक. ताशा, गर्दी, डुलणारे कळस. थोडा वेळ मूळ आवाज.)

आता भेटी. मानाप्रमाणे ताबूत उचलले जातात. वाटेत 'मेल' उभे राहतात. मेल म्हणजे गाणाऱ्यांचे संच, त्यांच्या गाण्यांत करबला असते आणि गावाचा एकोपाही. चौकात ताबूत समोरासमोर येतात. ताबूत खांद्यावर घेतलेल्या माणसांना कळस दिसत नाही. ते फक्त मिळणाऱ्या इशाऱ्यावर चालतात.

(दृश्य : दोन ताबुतांची गळाभेट. निवेदन नाही.)

(दृश्य : पंचांग आणि हिजरी दिनदर्शिका शेजारी शेजारी.)

हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यात अधिक महिना नाही. म्हणून मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि जवळपास तेहतीस वर्षांनी फिरून त्याच ऋतूत येतो. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षं मोहरम आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडमध्ये पाच मशिदींत गणपती बसतो. त्या वर्षांत तिथं मोहरमचे पीर आणि गणपती एकाच छताखाली होते. सांगली जिल्ह्यातल्याच गोटखिंडीत १९६१ साली जोराच्या पावसात मूर्ती मशिदीत हलवली, असं सांगतात. १९८० पासून ती दरवर्षी तिथंच बसते. २०२३ मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली, तेव्हा पंढरपुरासह अनेक गावांतल्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरवलं. त्याच वर्षी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला आली. मुंबईतला ईदचा जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला. हे निर्णय लोकांनी एकत्र बसून घेतले.

याच सांगली जिल्ह्यात, मिरजेत, २००९ च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली, संचारबंदी लागली. तेही इथलंच आहे.

(दृश्य : पुन्हा कडेगाव. रिकामा होत चाललेला चौक.)

तुम्हाला हे पाहायचं असेल तर फक्त भेटींच्या दिवशी येऊ नका. दहा-बारा दिवस आधी या, माती मळली जात असते तेव्हा. मोहरमची तारीख चंद्रदर्शनावर ठरते, म्हणून निघण्याआधी गावात चौकशी करा. आणि येताना जुने कपडे घाला, कारण बघत उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात इथं कुणीतरी कांबी देतंच.